जड पाणी आणि घरातला गीझर
(बसवताना व वापरताना घ्यावयाची काळजी)

दिवाळी सरली, थंडीने जोर धरला, की गावोगावच्या विजेच्या दुकानांत गीझरची कॉईल मागणाऱ्यांची रीघ लागते. ऊसबिलाच्या पैशातून हौसेने गीझर घेतलेला असतो. एक हिवाळा तो झकास चालतो, दुसऱ्या हिवाळ्यात कुरकुरतो आणि तिसऱ्यात कॉईल जळते नाही तर टाकी गळू लागते. मग "माल हलका लागला" म्हणून कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात. माल हलका असतोही कधी कधी. पण आपल्या भागात निम्म्याहून अधिक दोष पाण्याचा आणि बसवणाऱ्याच्या घाईचा असतो, असे आमचे मत आहे. म्हणून नेहमीचा लागवडीचा विषय बाजूला ठेवून या अंकात घरच्या गरम पाण्याविषयी चार गोष्टी सभासद बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत.

पाणी जड का होते?

आपला भाग काळ्या पाषाणाचा. खाली बेसॉल्टचा खडक, वर काळी माती आणि तीत जागोजागी चुनखडीचे खडे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कर्बवायू घेते आणि त्याच्या जोरावर चुनखडीतला व खडकातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून विहिरीत, बोअरमध्ये आणून सोडते. ज्या चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, तिथल्या विहिरीचे पाणी बहुधा जड असते, हे आपण अनुभवाने जाणतोच. अशा पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, न्हाणीच्या फरशीवर पांढरे डाग पडतात.

हे पाणी तापले, की त्यातला कर्बवायू निघून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन भांड्याला चिकटतो. ठिबकच्या ड्रिपरचे तोंड बुजवणारा पांढरा थर तोच. बंबाच्या तळाशी साचणारे पापुद्रे तेच. कारखान्यात रस आटवताना इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत असाच थर बसतो. तिथे चुन्याबरोबर इतर क्षारही असतात एवढाच फरक. तो कॉस्टिक सोड्याने मऊ करून नळ्यांतून ब्रश फिरवून काढावा लागतो. बॉयलरला तर विहिरीचे पाणी सरळ कोणी घालतच नाही. वाफेचे थंड झालेले पाणी किंवा मृदू केलेले पाणीच घालतात. कारखान्याच्या बॉयलरची जी काळजी आपण घेतो, तिचा शंभरावा हिस्सा तरी घरच्या बॉयलरची घ्यायला नको काय?

एक गोष्ट स्पष्ट करतो. जड पाणी म्हणजे विष नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आय.एस. १०५००, २०१२) एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पिणाऱ्याला चालणारे पाणी गीझरला मात्र चालतेच असे नाही.

आपले पाणी किती जड?

आपल्यापैकी अनेकांनी ठिबकसाठी किंवा जमिनीच्या पोतासाठी पाण्याचे परीक्षण करून घेतलेले असते. तो कागद कपाटातून बाहेर काढा. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर या मापात दिलेले असतात. दोन्हींची बेरीज करून ५० ने गुणा, म्हणजे जडपणा मिलिग्रॅममध्ये मिळतो. समजा, कॅल्शियम ४ आणि मॅग्नेशियम ५ आहे. बेरीज ९, जडपणा ४५०. सर्वसाधारणपणे ६० च्या आत मृदू आणि १८० च्या वर फार जड असे मानतात. म्हणजे ४५० म्हणजे काय ते समजून घ्यावे.

कागद नसेल तर घरगुती पारख करा. दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भरा, एकीत पावसाचे आणि दुसरीत विहिरीचे पाणी. दोन्हींत साध्या धुण्याच्या साबणाचे पाणी सारखे थेंब टाकून हलवा. शांपू किंवा पावडर नको, तिने फरक कळत नाही. पावसाच्या पाण्यात फेस उभा राहील. जड पाण्यात दह्यासारखा साका होईल.

आता हिशेब पाहू. तापवल्यावर खाली बसणारा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम धरला आणि घरात रोज १०० लिटर पाणी तापत असेल, तर त्या पाण्यात रोज ३० ग्रॅम चुना असतो. वर्षाला जवळजवळ ११ किलो! सगळा काही गीझरमध्ये बसत नाही, बराचसा पाण्याबरोबर वाहून जातो. पण दहावा हिस्सा जरी बसला, तरी वर्षाला किलोभर चुना पोटात घेऊन गीझर चालत असतो.

थर नेमके काय नुकसान करतो?

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "कॉईलवर थर बसला, आता बिल दुप्पट येणार" असे मिस्त्री सांगतो. विजेच्या गीझरात ते तितकेसे खरे नाही. कॉईल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता अखेर पाण्यातच जाते. नुकसान होते ते कॉईलचे. थरामुळे तिची उष्णता बाहेर पडायला अडते, ती आतल्या आत लाल होते आणि शेवटी फुटते किंवा जळते. फुटलेल्या कॉईलमधून वीज पाण्यात उतरते, हा खरा धोका.

पाणी तापायला वेळ लागतो म्हणून लगेच थराला दोष देऊ नये, आधी व्होल्टेज पाहावे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १ युनिट वीज लागते. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर हे काम साधारण अर्ध्या तासात करतो. व्होल्टेज १८० वर आले, तर तोच गीझर जेमतेम १,२२५ वॉट ओढतो आणि ५० मिनिटे घेतो. संध्याकाळी गावातले सगळे दिवे-पंखे लागले की असे होते. त्यात गीझरचा काही गुन्हा नाही.

थराची खरी लक्षणे निराळी आहेत. पाणी तापताना टाकीतून तडतड असा आवाज येणे, गरम पाण्याच्या तोटीची धार बारीक होणे, तोटीतून पांढऱ्या खपल्या येणे, पाणी पुरते तापण्याआधीच गीझर बंद पडणे. आणि तोटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तो गीझर त्याच क्षणी बाहेरच्या बटणावरून बंद करावा आणि दुरुस्त होईपर्यंत पुन्हा लावू नये.

बंब, गॅस आणि सौर यंत्राची गोष्ट वेगळी. तिथे उष्णता बाहेरून भांड्याच्या पत्र्यातून किंवा नळीतून आत जाते. तांब्याच्या मानाने चुन्याचा थर उष्णता शेकडो पटींनी कमी वाहतो. थर जाड झाला की जळण जास्त लागते, आणि पत्रा पाण्याने थंड न राहिल्यामुळे लवकर झिजतो.

गीझर निवडताना

विजेच्या साठवण गीझरसाठी आय.एस. २०८२ हे भारतीय मानक आहे. त्याची खूण आणि ऊर्जा बचतीचे तारे पाहूनच माल घ्यावा. पण जड पाण्यासाठी आणखी तीन प्रश्न दुकानदाराला विचारावेत.

पहिला, कॉईलचे आवरण कशाचे? तांब्यापेक्षा इन्कोलॉय या मिश्रधातूचे आवरण उष्णता अधिक सोसते. काही कॉईलवर काचेसारखा मुलामा असतो, तोही जड पाण्यात बरा.

दुसरा, टाकी कशाची? पाणी नुसते जड नसून खारटही असेल, तर क्लोराईडमुळे स्टेनलेस स्टीललासुद्धा, विशेषतः जोडाच्या जागी, बारीक भोके पडतात. अशा ठिकाणी आतून काचेचा मुलामा दिलेली टाकी अधिक टिकते. मात्र तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. कांडी संपली की टाकीची पाळी येते. म्हणून कांडी बदलून मिळेल ना, हा तिसरा प्रश्न.

बसवताना

बसवण्याच्या दिवशी मालकाने स्वतः उभे राहावे. गड्यावर सोपवून रानात जाऊ नये.

भिंत आधी तपासावी. २५ लिटरच्या गीझरात नुसत्या पाण्याचेच वजन २५ किलो, वर टाकीचे निराळे. कच्च्या किंवा मातीच्या भिंतीत खुंट्या ठोकून तो लटकवू नये. उभ्या गीझरच्या खाली हातभर मोकळी जागा ठेवावी. कॉईल आणि कांडी खालून काढायची असते, जागा नसेल तर साफसफाईच्या वेळी अख्खा गीझर उतरवावा लागतो आणि मग साफसफाई कधीच होत नाही. गार व गरम दोन्ही नळांना युनियन जोड द्यावा आणि गार पाण्याच्या नळाला व्हॉल्व्ह बसवावा. गरम पाण्याला साधा पी.व्ही.सी. पाइप वापरू नये, तो मऊ पडून वाकतो. सी.पी.व्ही.सी. वापरावा.

गीझरबरोबर दाब सोडणारा व्हॉल्व्ह येतो. पाणी तापताना फुगते, तेव्हा त्यातून थेंब थेंब पाणी गळते. ते गळायचेच. "गळतंय म्हणून बुच मारलं" असे सांगणारा मिस्त्री घराला धोका करून गेला असे समजावे. जड पाण्यात हा व्हॉल्व्ह चुन्याने जाम होतो, म्हणून महिन्यातून एकदा त्याचा खटका हलवून पाणी सुटते का ते पाहावे. हे गीझर गार असताना करावे.

विजेच्या बाबतीत तर काटकसर करूच नये. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ ऍम्पिअर ओढतो. त्याला १६ ऍम्पिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एम.सी.बी. हवा. बटण न्हाणीच्या बाहेर असावे. अर्थिंग चांगले हवे आणि त्याच्या जोडीला ३० मिलिऍम्पिअरचा आर.सी.सी.बी. हवाच. वीज पाण्यात उतरली तर माणूस चिकटण्याआधी लाइन तोडणारे उपकरण ते हेच. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालावे.

आणि शेवटचे. टाकी पाण्याने पूर्ण भरून गरम तोटीतून एकसारखी धार आल्याशिवाय बटण दाबू नये. कोरडी कॉईल पाहता पाहता जळते.

वापरताना

पाणी जितके जास्त तापवाल तितका थर जास्त बसतो. ६० अंशांच्या पुढे तो झपाट्याने वाढतो. म्हणून खटका ५५ ते ६० च्या दरम्यान ठेवावा, ७५ वर नेऊन वर विसण घालत बसू नये. अगदी कोमटही ठेवू नये. कोमट पाण्यात दिवसेंदिवस पडून राहिल्यास काही रोगजंतू वाढतात. अधूनमधून ६० पर्यंत तापवून घ्यावे. घरात लहान मूल असेल तर बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग कडत. ही सवय घरातल्या सर्वांनाच लावावी.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याच्या अखेरीस, गीझर उघडून साफ करावा. पाण्याचा जडपणा ५०० च्या पुढे असेल तर वर्षातून दोनदा. मुदतीच्या हमीत असेल तर कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. रीत अशी :

आधी एम.सी.बी. बंद करावा. नुसते बटण पुरे नाही. टाकी गार होऊ द्यावी, गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी काढून टाकावे. कॉईल खोलून तिच्यावरचा थर लाकडी पट्टीने अलगद खरवडावा, टाकीच्या तळाचा गाळ हाताने काढावा. आधी खरवडायचे का, तर एक किलो चुना नुसत्या लिंबूसत्वाने विरघळवायचा म्हटला तर सव्वा किलोहून जास्त लिंबूसत्व लागते. म्हणून जाड थर हाताने काढावा आणि उरलेल्यासाठी लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व या प्रमाणात द्रावण करून त्यात कॉईल तास-दोन तास बुडवावी. बुडबुडे येतात, तो चुना विरघळल्याचा पुरावा. वायरी जोडतात ते टोक कोरडे ठेवावे. मग स्वच्छ धुऊन, जुने रबर वॉशर बदलून, कांडी तपासून पुन्हा बसवावे. कांडीची आतली तार दिसू लागली असेल तर कांडी नवीन घालावी.

संडास धुण्याचे ऍसिड गीझरमध्ये कधीही ओतू नये. ठिबकच्या नळ्यांना आपण ऍसिड देतो ते खरे, पण त्या प्लॅस्टिकच्या असतात. ते ऍसिड टाकीचा पत्रा आणि कॉईल खाते. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली गेली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत हा प्रकार जिवावर बेतेल.

सौर यंत्र घेणार असाल तर

आपल्याकडे ऊन भरपूर, तेव्हा सौर यंत्रासारखी सोय नाही. पण सपाट पेटीच्या यंत्रात बोटाएवढ्या बारीक तांब्याच्या नळ्या असतात, त्या जड पाण्याने चोंदतात. जड पाण्याच्या भागात एक तर काचेच्या नळ्यांचे यंत्र घ्यावे, नाही तर सपाट पेटीत मृदू पाणी बंद चक्रात फिरवून टाकीतले पाणी तापवणारे यंत्र घ्यावे.

काचेच्या नळ्या रुंद असतात, त्या चोंदत नाहीत, पण तळाशी चुना आणि गाळ साचतो. वर्षातून एकदा त्या काढून धुवाव्यात. हे काम सूर्य उगवण्याआधी किंवा मावळल्यावर करावे. उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेले की ती तडकलीच. टाकीवरची हवेची नळी चुन्याने बुजलेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. ती बुजली की टाकीत दाब कोंडतो.

गॅसचा गीझर आणि पाण्यात बुडवायचा रॉड

गॅस गीझरविषयी एकच, पण ठासून सांगतो. तो न्हाणीच्या आत बसवू नये. बंद खोलीत ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध होतो. अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात आणि त्यांत नवी लग्ने झालेली, लेकुरवाळी माणसे असतात. गीझर आणि टाकी दोन्ही बाहेर, मोकळ्या हवेत ठेवा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ घ्या.

रॉड वापरायचा तर तो पाण्यात बुडवल्यावरच बटण लावावे, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नये. लोखंडी बादलीत तो वापरू नये. चुन्याने पांढरा जाड झालेला, आवरणाला चीर गेलेला रॉड दुरुस्त करत बसू नये. सरळ भंगारात टाकावा.

पाणीच मृदू करता येईल काय?

तुरटीने पाणी निवळते, मृदू होत नाही. नळाला लोहचुंबक बांधून जडपणा जातो असे विकणारे सांगतात, त्याला खात्रीलायक पुरावा नाही. गीझरच्या तोंडाशी पॉलिफॉस्फेटच्या खड्यांची बाटली बसवली तर थर बसण्याचे प्रमाण कमी होते. खडे संपले की भरावे लागतात, आणि ते पाणी पिण्यास वापरू नये.

खरा उपाय म्हणजे मिठावर चालणारे सॉफ्टनर. त्यातली राळ पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. राळ भरली की मिठाच्या पाण्याने ती धुवावी लागते. हे धुवणाचे पाणी परसातल्या पाटात किंवा उसाच्या फडात सोडू नका. सोडियमने काळी जमीन चोपण होते. क्षारपड जमिनीचे दुखणे आपल्याकडे आधीच कमी आहे काय?

आणि सर्वांत स्वस्त मृदू पाणी आभाळातून पडते. ५० चौरस मीटर छपरावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर २५,००० लिटर पाणी येते. पाचवा हिस्सा वाया गेला धरला तरी २०,००० लिटर हाती राहते. रोज १०० लिटर अंघोळीला वापरले तर २०० दिवस पुरते. जुन्या वाड्यांतले हौद पुष्कळ ठिकाणी अजून शाबूत आहेत. ते साफ करून झाकून घेतले, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्याची सोय केली, तर हिवाळाभर गीझरला चुन्याचे तोंड पाहावे लागणार नाही. ज्यांच्याकडे धरणाच्या कालव्याचे पाणी येते, त्यांनीही विहिरीऐवजी ते गीझरला वापरून पाहावे. ते सामान्यतः कमी जड असते.

सभासद बंधूंनो, कॉईल शेवटी बाजारात मिळते, टाकीही मिळते. पण अर्थिंग नसलेल्या गीझरने किंवा बंद न्हाणीतल्या गॅसने घरातले माणूस गेले, तर ते कुठल्याच दुकानात मिळत नाही. तेव्हा हा अंक वाचून झाल्यावर तीन गोष्टी या आठवड्यातच कराव्यात. पाणी-परीक्षणाचा कागद शोधून जडपणा काढावा. न्हाणीचे अर्थिंग आणि आर.सी.सी.बी. माहीतगार वायरमनकडून तपासून घ्यावा. आणि गॅसचा गीझर आत असेल तर तो बाहेर काढावा. बाकीची साफसफाई पुढच्या आठवड्यात केली तरी चालेल.